वडील हयात असताना

नाही नाही, ‘बारीक करा’ नाही म्हटलं मी — काढा म्हटलं. सगळे. वस्तऱ्यानं. — अहो देवानंददादा, वस्तरा का खाली ठेवलात? आणि आरशातून असं काय बघताय माझ्याकडे? घरी सगळे ठणठणीत आहेत. आई ठणठणीत, बाबा ठणठणीत — बाबा तर आत्ता दुकानात रंगाच्या डब्यांवरून सेल्समनशी भांडतायत, कान दिलात तर इथपर्यंत ऐकू येईल — नाही येत? मग गिऱ्हाईक आलं असेल मध्येच. तर सांगायचं म्हणजे कोणी गेलेलं नाही. म्हणजे, गेलेलं आहे. पण आपल्या घरातलं नाही. म्हणजे — आता कसं सांगू तुम्हाला — आधी पाणी तर लावा, मग सांगतो. नाही लावणार? बरं, नका लावू. मी बसतो असाच, गळ्याला कापड बांधून. दुकान तुमचं आहे, डोकं तेवढं माझं आहे.

तिरुपती? नवस-बिवस काही नाही हो, आणि तिरुपतीचे केस तिरुपतीला देतात, जव्हारच्या एस.टी. स्टँडसमोर नाही. उवा? — दादा, मी एमएस्सी झालोय. — हां, एमएस्सीवाल्यालाही होतात, कबूल, पण नाहीत. खरं सांगतो. आज दहावा आहे. फर्गसकाकांचा. फर्गस. नाही, वर्गीस नाही, केरळचे नाहीत ते — आयर्लंडचे. इंग्लंड नाही! त्यांच्यासमोर इंग्लंड म्हणाला असतात तर हातातला चहा काढून घेतला असता त्यांनी. मी नव्हतो का शिकायला गेलो? हो हो, तेच — ज्याच्यासाठी बाबांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले, निघताना औक्षण झालं, फोटो झाले, आणि दोन वर्षांनी परत येऊन मी त्याच दुकानात पाइप मोजतोय, तेच आयर्लंड. हसा, हसा. मीपण हसतो. सकाळी शटर वर करताना रोज हसतो.

तर झालं काय, मी तिकडे उतरलो तेव्हा जी खोली ठरवली होती ती घरमालकिणीनं आदल्याच दिवशी दुसऱ्याला देऊन टाकलेली. मी आपला एका खेड्यातल्या बसथांब्यावर, दोन बॅगा, वरून पाऊस — आणि पाऊस म्हणजे आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नाही, चिकट, चाळणीतून पीठ पडावं तसा. बॅगेत काय? आईनं दिलेलं नागलीचं पीठ, लोणचं, आणि थंडीसाठी म्हणून कानटोपी, जी मी लाजून घातली नव्हती. रडत होतो का? नाही. शिकलासवरलेला माणूस रडेल कशाला? — रडत होतो, दादा. नाक वाहीपर्यंत. आणि समोर एक जुनी गाडी थांबली, काच खाली आली, आत एक लालबुंद म्हातारा. म्हणाला, ‘कोणाची वाट बघतोयस?’ मी म्हटलं, ‘कोणाचीच नाही, सर.’ ‘मग तो काही आज यायचा नाही,’ म्हणाले, ‘बस आत.’ एका रात्रीसाठी म्हणून नेलं त्यांनी, आणि मी डिग्री होईपर्यंत तिथेच. मला कोणी ‘आता जा’ म्हटलं नाही आणि मला ‘आता जातो’ म्हणायचं सुचलं नाही. आपला स्वभावच तसा, कोणाकडे गेलो की मुळं धरतो.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, चहा घेणार? मी म्हटलं, नको. आपल्याला वळणच आहे ना, पहिल्यांदा नको म्हणायचं. आत मात्र पोटात कावळे कोकलतायत, आणि मनात म्हणतोय, संपलं आता, हे गोरे लोक, नको म्हणजे नको समजणार, उपाशी झोप बाबा. तर म्हातारा म्हणतो, ‘अरे घे की.’ मी म्हटलं, नको, खरंच. ‘घोटभर?’ मी म्हटलं, बरं, तुम्ही घेणार असाल तर. दादा, मोखाड्याला मावशीकडे बसल्यासारखं वाटलं हो! तीच नको-नको, तोच आग्रह. मग मी म्हटलं, तुम्हाला नावानं हाक मारणं आमच्यात बरं दिसत नाही, मी काका म्हणू का? तर हे हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हटलं झालं, काहीतरी घाण बोललो. तर त्यांच्या जुन्या भाषेत काका म्हणजे केक! शाळेत छड्या खाऊन शिकलेले ते ती भाषा. म्हणाले, ‘म्हण केक. याहून वाईट नावांनी हाक मारलीय लोकांनी मला.’ दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात मी त्यांना ‘केक, ओ केक’ करत मागे मागे फिरतोय, आणि लोक दारात उभे राहून बघतायत.

लग्न? नाही केलं त्यांनी. मी एकदा विचारलं होतं, का नाही केलं. म्हणाले, ‘त्या दिवशी पाऊस होता.’ पोरंबाळं नाहीत, भाऊ नाही, बहीण नाही. शाळेची बस चालवायचे, मग रिटायर झाले. शेजारी एक नोरीनबाई, तेवढीच काय ती विचारपूस करणारी. आणि मी. मी नागलीची भाकरी केली त्यांच्यासाठी — आयुष्यात पहिल्यांदा, आईला व्हिडिओ लावून. तिकडे चुलीत दलदलीतल्या मातीच्या वाळवलेल्या विटा जाळतात, काळ्या-तपकिरी. काकांनी भाकरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि मला गंभीरपणे विचारलं, ‘ही खायची, की चुलीत घालायची?’ पण खाल्ली हां. लोण्याचा एवढा थर लावून खाल्ली, आणि नंतर तास-दीडतास एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं आवडली. नंतर कळलं कवळी अडकली होती.

बाबांशीसुद्धा बोलायचे ते! हसू नका, खरंच. रविवारी फोन लागला की बाबा मोबाइल कपाळाला चिकटवून बसणार, काकांना नुसता त्यांचा टिळा दिसणार. बाबा ओरडून विचारणार, ‘रेन?’ काका म्हणणार, ‘रेन!’ मग काका विचारणार, ‘रेन?’ बाबा म्हणणार, ‘फुल रेन!’ मग दोघं मान डोलावत बसणार. तेवढंच. तेवढ्यावर दोघांचं भागायचं, आणि फोन ठेवल्यावर बाबा आईला सांगणार, माणूस भला आहे, बोलतो मनमोकळं. माझ्याशी बाबा तेवढंही बोलत नाहीत. बरं, ते जाऊ दे.

आता खरी गोष्ट ऐका, म्हणजे तुम्हाला समजेल मी का आलोय. त्यांच्या तिकडच्या रेडिओवर सकाळच्या बातम्या झाल्या की कोण कोण गेलं ते वाचतात. नाव, गाव, मयत कुठे ठेवलंय, किती वाजता नेणार — सगळं. काका टोपी काढून ऐकणार. ओळखीचं नाव आलं की मला म्हणणार, ‘काळा कोट घाल, जायचंय.’ मी म्हटलं, काका, मी कुठे ओळखतो त्यांना? तर म्हणाले, ‘घरचे तर आहेत ना ओळख करून घ्यायला.’ गेलो. तर काय बघतो — हॉलमध्ये पेटीत मयत, उघडं, सूट-टाय घातलेलं, आणि शेजारच्या खोलीत सँडविच! केक! चहाची किटली फिरतेय! आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि यांचा ओव्हन थंड व्हायला तयार नाही. रांगेत उभं राहायचं, घरच्या एकेकाशी हात मिळवायचा, आणि एक ठरलेलं वाक्य म्हणायचं, आपल्या भाषेत म्हणजे ‘तुमच्यावर हे ओढवलं, वाईट वाटलं.’ काकांनी गाडीतच घोकून घेतलं माझ्याकडून. मी इतका घाबरलेलो की मयताच्या बायकोला म्हटलं, तिच्या मुलाला म्हटलं, सुनेला म्हटलं, पुढे उभ्या पाद्र्याला म्हटलं, सँडविचची ताटली धरलेल्या पोरीला म्हटलं, आणि बाहेर पडताना दाराला डोकं आपटलं तेव्हा दारालाही म्हटलं.

घरी आलो, तर मी उंबऱ्याबाहेरच उभा. काका म्हणतात, आत ये. मी म्हटलं, शिवू नका मला, आम्ही मयताहून आलो की आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावत नाही. आणि अंग चोरत वर पळालो, नळ सोडला — बर्फ! दादा, बर्फ! ऑक्टोबर महिना तिकडचा! अशी किंकाळी फोडली मी की नोरीनबाई धावत आली, तिला वाटलं म्हातारा गेला. पाणी बर्फ, कारण गिझर बंद होता ना. आणि गिझर म्हणजे त्या घरात — कसं सांगू — काका शहरात जायला निघाले की अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवून येणार, गिझर चालू तर नाही राहिला बघायला. आधी गिझर, मग देव. मी आपला थरथरत खाली आलो, त्यांना सगळं समजावून सांगितलं, सुतक काय, आंघोळ का, आमची आजी काय म्हणायची. त्यांनी ऐकून घेतलं. ‘हं’ म्हणाले. बास.

मग पुन्हा एक मयत आलं. कोट घातले, टोपी घातली, गाडीची किल्ली घेतली, दार उघडलं — आणि काका वळले, जिना चढून वर गेले. गुडघे दुखायचे हो त्यांचे, एकेक पायरी कण्हत चढायचे. मी म्हटलं, काय राहिलं? खाली येऊन थेट गाडीत बसले. परत आलो तेव्हा पाणी कढत होतं, आणि टॉवेल हीटरवर टाकून ठेवलेला. त्यानंतर प्रत्येक मयताला हेच. गिझर लावून मयताला जायचे, दादा, माझ्यासाठी! आमच्यातलं हे सगळं त्यांना पटलं होतं की नाही, देव जाणे. विचारलं नाही त्यांनी कधी. मला त्या दिवशी काय वाटलं सांगू? माया वाटली. मी बाथरूममध्ये गरम पाण्याखाली उभा राहून रडलो, आणि मग काका खालून ओरडले, ‘नदी संपवलीस का?’ तेव्हा बाहेर आलो.

मग काय, डिग्री झाली, नोकरी नाही मिळाली, व्हिसा संपला, आलो परत. अर्ज खूप केले हो — एका ठिकाणी तर मुलाखतीत शेवटी त्यांनीच मला धीर दिला. आणि आता हे ऐका आणि पोट धरून हसा: इथे येऊनही मी तो रेडिओ ऐकतो. मोबाइलवर. दुपारी गिऱ्हाईक जरा ओसरलं की कानात घालतो. तिकडे सकाळ असते. त्या खेड्यात कोण गेलं ते मी जव्हारात बसून ऐकतो, रोज. बाबांना वाटतं मी इंग्रजी पक्कं करतोय. त्या दिवशी जामसरचे माघ्यादादा आले होते पाइपाचा एल्बो घ्यायला. माझ्या कानात रेडिओवरची बाई वाचतेय, मी हातानं खोक्यात एल्बो शोधतोय, आणि — नाव आलं. पूर्ण नाव, गाव. ‘आपल्या राहत्या घरी, शांतपणे.’ मी काय केलं असेल? काही नाही केलं. एल्बो कागदात गुंडाळला, दिला, ‘अजून काही?’ विचारलं. माघ्यादादा दुसऱ्या दिवशी परत आले, ‘शेठ, यो तं लय मोठा हाय.’ भलत्याच मापाचा दिला होता मी. तो बदलून दिला.

घरी सांगितलं ना, सांगितलं की. आई म्हणाली, ‘अरेरे, चांगला होता रे बिचारा, आंघोळ करून घे.’ केली आंघोळ. बाबा म्हणाले, ‘वय झालं होतं,’ आणि टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. झालं. संपलं. म्हणून आज आलो तुमच्याकडे. त्यांना कोणी नाही हो करणारं. तिकडे हे असलं काही नसतंच, ते जाऊ दे, पण त्यांच्या आत्म्याला शांती म्हणून, माझ्यापुरतं तरी —

माहितीय मला! बाप जिवंत असताना पोरानं डोकं काढायचं नाही, मिशी काढायची नाही, अपशकुन होतो. मिशीला हात नका लावू, ती तशीही आहे-नाही सारखीच. पण डोक्याचं काय? आई गेली तर बाप जिवंत असतानाच काढतात ना? मग? आणि मोखाड्याचा आमचा ऋषिकेश? त्याच्या काकांना मूलबाळ नव्हतं, तर त्यानं सगळं केलं की नाही? त्याचे वडील शेजारी उभे होते आणि वस्तरा तुमच्या हातात होता, तुम्हाला खास बोलावून नेलेलं! — हां, तो सख्खा पुतण्या होता. — हां, त्याच्या वडलांनीच सांगितलेलं. मान्य. — नाही, मी नाही पुतण्या. मी कोणीच नाही त्यांचा. बसथांब्यावरून उचलून आणलेला भाडेकरू. बरोबर आहे तुमचं. माझं टाळकंही काही चांगलं नाही आतून, काढलंत तर बोहाड्यातल्या सोंगासारखा दिसेन, पोरं मागे लागतील.

दिसू दे. दिसायलाच तर हवंय. — नाही, म्हणजे तसं नाही. — तसंच आहे, दादा. दहा दिवस झाले, मी दुकानात उभा आहे, लोक येतायत, खिळे नेतायत, रंग नेतायत, आणि माझ्याकडे बघून कोणाला काही कळत नाही. कसं कळणार? माझा माणूस गेला, आणि या गावात एका माणसानं मला विचारलं नाही, काय रे, कोण गेलं? तिथे त्या म्हाताऱ्यानं अनोळखी माणसांच्या रांगेत उभं केलं मला, आणि इथे त्यांच्यासाठी रांग नाही, काही नाही. डोकं काढलं तर विचारतील ना? बाजारात दहा जण थांबवतील, कोण गेलं म्हणून. मग मला सांगता येईल. नुसतं नाव सांगायचंय हो मला. त्यांच्या आत्म्याला शांती-बिंती, ते माझं सगळं थापा मारणं होतं. माझ्यासाठी काढायचंय मला. — बघा, आता पुन्हा नाक वाहायला लागलं. हेच, हेच. घोड्याएवढा झालो तरी —

काय करताय? कोणाला लावताय फोन? दादा. देवानंददादा, बाबांना नको! अहो ते मनाला लावून घेतील, त्यांना वाटेल मी त्यांच्या जिवावर — वाजतोय? उचलला? — द्या. द्या इकडे.

हॅलो. हां बाबा. मीच. देवानंददादांच्या फोनवरून. — नाही, पडलो-बिडलो नाही. — नाही जेवलो, येतो. — बाबा, ते — दादा डोकं काढायला तयार नाहीत. — माझं. — हो, पूर्ण. — फर्गसकाकांचा दहावा आहे आज. — तसं नाही हो बाबा. तुम्हाला काही व्हावं म्हणून मी कसा — बाबा, ऐकून तर घ्या. — बाबा? — हां. हां, बोला. — मला वाटलं, तुम्हाला नाही आवडणार. — मी काय बोलणार, तुम्ही रिमोट शोधत होतात. — म्हणजे तुम्हाला विचारायचं होतं, आणि कसं ते कळेना? — नाही, रागावलो नाही. — नाही हो, खरंच नाही. — आवाज कसला येतोय? शटर? भरदुपारी? आणि तो सेल्समन? — बाहेर काढलात त्याला? — आहे की, खडू गल्ल्याच्या मागे, पाटीपण तिथेच. — ‘दुःखद निधनामुळे दुकान बंद.’ हो, असंच लिहितात. — नावपण? — फर्गस. फणसातला फ. मग ग, त्याच्यावर रफार. — रफार, बाबा, मार्गावर असतो तसा. — आणि स. — हो. — आता आपले कोण म्हणून काय लिहायचं, तुम्हीच — काय? — काय लिहिलंत? — परत वाचा. —

बरं. बरं बाबा. ठेवतो.

घ्या तुमचा फोन. — ‘ज्येष्ठ बंधू’ लिहिलंय. बाबांनी. बाजारातल्या पाटीवर, खडूनं. ‘बळवंत यांचे ज्येष्ठ बंधू फर्गस.’ आणि तुम्हाला निरोप आहे, पुतण्याचं डोकं काढायला देवानंदला काय हरकत आहे विचार. मिशी तेवढी ठेवा म्हणाले.

लावा पाणी. नाही, आता मी काही बोलत नाही. लावा.